आधी समेट, मग अर्पण



रविवारच्या मिस्सामध्ये प्रभूची प्रार्थना झाली की धर्मगुरू आपल्याला एकमेकांना शांतीची खूण द्यायला सांगतात. इतका वेळ वेदीकडे लागलेली नजर आपण शेजाऱ्याकडे वळवतो. हात जोडतो, मान लववतो, हसतो. उजवीकडचे झाले, डावीकडचे झाले, मागच्या बाकावरचे झाले. मिनिटभरात हे सारे आटोपते.

या मिनिटभरात आपण कोणाकडे पाहिले नाही, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून किंवा सातबाऱ्यावरच्या नावावरून बिनसले आणि सख्खे भाऊ परके झाले, असे घर कोणत्या गावात नाही? एक भाऊ पहिल्या मिस्साला येतो म्हणून दुसरा मुद्दाम दुसऱ्या मिस्साला येतो. जावाजावांचे बोलणे बंद असते. लग्नाची पत्रिका जात नाही, मयताला मात्र तोंड दाखवावे लागते. तरीही दोघे भाऊ एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात, दोघेही 'आमेन' म्हणतात आणि आपापल्या वाटेने घरी जातात.

हे कसे काय जमते? जमते, कारण उपासना ही देव आणि मी यांच्यातली बाब आहे आणि भावाशी असलेले भांडण हे वेगळे खाते आहे, असे आपण मनाशी धरून चालतो. सुरुवातीच्या शतकांतील ख्रिस्ती लोकांना ही दोन खाती वेगळी ठेवता येत नव्हती. भांडणे त्यांच्यातही होती, आपल्यापेक्षा कमी नव्हती. पण भांडण घेऊन वेदीपाशी यावे की नाही, या प्रश्नाचा त्यांनी गांभीर्याने विचार केला. तो विचार आज आपल्यालाही उपयोगी पडेल असे वाटते.

गालीलीत ऐकलेली आज्ञा

या विचाराचे मूळ प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे (मत्तय ५:२३-२४). वेदीपाशी दान आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पण करावे, असे प्रभूने सांगितले.

हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यातली अडचण आपल्या लक्षात येत नाही. प्रभू हे गालीली प्रांतातील लोकांना सांगत होता. वेदी होती ती यरुशलेमच्या मंदिरात. गालीलीहून यरुशलेमला पोहोचायला सुमारे तीन दिवसांची पायपीट. म्हणजे वेदीपर्यंत पोहोचलेल्या माणसाने दान तिथेच ठेवायचे, तीन दिवस चालून गावी जायचे, भावाचे दार ठोठवायचे आणि पुन्हा तीन दिवस चालून मंदिरात यायचे! ऐकणाऱ्यांना ही गोष्ट नक्कीच अवघड वाटली असेल. देवाची उपासना थांबवावी, पण समेट थांबवू नये, असा याचा सरळ अर्थ होतो.

दुसरी गोष्ट याहूनही बोचणारी आहे. आपला भावावर राग असेल तर, असे प्रभू इथे म्हणत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणतो. 'माझ्या मनात त्याच्याविषयी काहीच नाही, तोच बोलत नाही,' असे म्हणून आपण हात झटकून मोकळे होतो. प्रभू ती सोय ठेवत नाही.

पहिल्या ख्रिस्तसभेची शिस्त

प्रभुभोजनाविषयी नव्या करारात जी पहिली तक्रार नोंदलेली आहे, ती विधी चुकल्याची नाही. इसवी सन ५५च्या सुमारास संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला पत्र लिहिले. तिथे प्रभुभोजनासाठी लोक जमत, पण खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. भाकर होती, द्राक्षारस होता, लोकही जमले होते. तरीही पौलाने त्यांना स्पष्ट सांगितले, की तुम्ही जे जेवता ते प्रभूचे भोजन नव्हे (१ करिंथ ११:२०-२२). त्याच्या अगोदरच्या अध्यायात त्याने कारण देऊन ठेवले आहे. भाकर एक आहे आणि तिच्यात सहभागी होणारे आपण सगळे मिळून एक शरीर आहोत. त्या शरीराचे तुकडे करून त्याच शरीराचा स्वीकार कसा करता येईल?

यानंतरच्या काळातील 'दिदाखे' म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण' ही लहानशी पुस्तिका आपल्याला ठाऊक असावी. ती पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा त्यानंतर थोड्याच काळात लिहिली गेली असे मानले जाते. मध्यंतरी ती जवळजवळ हरवली होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे एका जुन्या हस्तलिखितात ती सापडली आणि १८८३ साली छापली गेली. प्रभूच्या दिवशी एकत्र येऊन भाकर मोडा, असे सांगताना ही पुस्तिका लगेच एक अट घालते. ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण असेल त्याने समेट होईपर्यंत या मेळाव्यात येऊ नये, म्हणजे तुमचे अर्पण विटाळणार नाही. इथे 'तुमचे' या शब्दाकडे लक्ष द्या. विटाळते ते फक्त त्या दोघांचे अर्पण नव्हे, तर सगळ्या मंडळीचे. दोन भावांचे भांडण ही दोन भावांचीच बाब राहत नाही.

तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर एक ग्रंथ लिहिला. भांडखोराचे अर्पण देव स्वीकारत नाही, त्याला तो वेदीपासून माघारी पाठवतो आणि आपली शांती व बंधुभावाचे ऐक्य हेच देवाच्या दृष्टीने मोठे अर्पण आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. ते आणखी पुढे गेले. भावाचा द्वेष हा असा अपराध आहे, की तो रक्तसाक्षीच्या रक्तानेही धुतला जात नाही. हे लिहिणारे सिप्रियन स्वतः २५८ साली ख्रिस्तासाठी शिरच्छेदाला सामोरे गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

सोमवारची बैठक

पण 'भांडू नका' असे सांगणे सोपे आहे. भांडण मिटवायचे कसे? त्या काळच्या ख्रिस्तसभेने यासाठी केलेली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. सीरियामध्ये तिसऱ्या शतकात 'दिदास्कालिया' नावाचा एक ग्रंथ तयार झाला. बिशपांनी, डीकनांनी आणि भाविकांनी कसे वागावे याचे मार्गदर्शन त्यात आहे. त्यात बिशपांना सांगितले आहे, की भाविकांमधील तंटे ऐकण्यासाठी सोमवारी बसावे.

सोमवारच का? कारणही दिले आहे. निवाडा कोणाला पटला नाही, कोणी कुरकुर केली, तर शनिवारपर्यंत समजूत घालायला वेळ मिळावा आणि रविवारी दोघांनाही शांतीने एकत्र उभे राहता यावे. दोन्ही बाजूंचे लोक समोर हवेत, एकाचेच ऐकून निकाल देऊ नये, धर्मगुरू आणि डीकन बिशपांजवळ बसलेले असावेत, अशाही सूचना आहेत. मग रविवारी प्रार्थनेच्या वेळी डीकनने मोठ्याने विचारायचे, की इथे कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही आहे का? तसे कोणी निघाले, तर बिशपांनी त्यांची समजूत घालून तिथेच शांती करायची.

या व्यवस्थेमागचा विचार पाहा. रविवारची शांती रविवारी सकाळी तयार होत नाही. ती सोमवारपासून तयार करावी लागते. आपण शांतीच्या खुणेला एक मिनिट देतो, त्यांनी तिला सहा दिवस दिले होते.

शांतीची खूण मिस्सामध्ये कुठे असावी, यामागेही हाच विचार होता. १५५च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात भाविक प्रार्थना संपल्यावर एकमेकांना शांतीचे चुंबन देतात आणि त्यानंतरच भाकर व प्याला पुढे आणला जातो. प्रभूच्या आज्ञेतला क्रम तोच आहे : आधी समेट, मग अर्पण. चौथ्या शतकात यरुशलेमचे संत सिरिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवचनांत नवख्रिस्ती लोकांना समजावले आहे, की हे चुंबन बाजारात भेटलेल्या मित्रांनी घ्यावे तसले नव्हे. त्याने मने एकमेकांत मिसळतात आणि झालेल्या अन्यायाची आठवण पुसली जाते. पूर्वेकडील ख्रिस्तसभांमध्ये, आपल्या देशातील सिरो-मलबार उपासनेत आणि मिलानच्या अँब्रोसीय विधीत आजही शांतीची खूण अर्पणाच्या मुख्य प्रार्थनेआधी दिली जाते.

आपल्या रोमन विधीत ती ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या थोडे आधी येते. पोप पहिले इनोसंट यांनी ४१६ साली गुब्बियोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात या जागेचे समर्थन केले होते. वेदीवर जे घडले त्याला लोकांनी दिलेली संमती म्हणजे ही शांती, असे त्यांनी सांगितले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली ही जागा बदलावी का याचा विचार करायला सुचवले होते. चौकशीअंती २०१४ साली रोमने ती आहे तिथेच ठेवली. दोन्ही जागांना अर्थ आहे. एक विचारते, 'अर्पण करण्याआधी समेट केलास का?' दुसरी विचारते, 'ज्याचे शरीर आता घेणार आहेस, त्याच्या सगळ्या अवयवांना मानतोस का?' प्रश्न चुकवता येईल अशी जागा मात्र मिस्सामध्ये कुठेच नाही.

तीन अडचणी

इथे मनात काही शंका येतात आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली शंका अशी : ख्रिस्तशरीर हे तर औषध आहे. अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांनी दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याला अमरत्वाचे औषध म्हटले. ते परिपूर्ण लोकांना मिळणारे बक्षीस नसून दुर्बलांचे औषध व अन्न आहे, याची आठवण पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली करून दिली होती. मग भांडणाने आजारी असलेल्या माणसालाच औषधापासून दूर का ठेवायचे? याचे उत्तर दुर्बलता आणि नकार यांच्यातील फरकात आहे. 'मला क्षमा करायची आहे, पण जमत नाही, मन पुन्हा पुन्हा कडू होते,' असे म्हणणारा रोगी आहे. त्याने जरूर यावे, प्रायश्चित्त संस्कार घ्यावा आणि प्रभूकडे बळ मागावे. 'मेलो तरी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही,' असे म्हणणारा मात्र औषध तोंडात धरून बसलेला आहे, गिळायला तयार नाही. इग्नेशियस यांनी औषधाचा उल्लेख केला आहे तो 'एकच भाकर मोडणे' या शब्दांना जोडून. त्या भाकरीचे एकपण नाकारले, तर औषध काम कसे करणार?

दुसरी शंका : मी गेलो, पण तो दारच उघडत नसेल तर? किंवा तो दूर परदेशात असेल, किंवा या जगातच नसेल तर? संत ऑगस्टीन यांनी डोंगरावरील प्रवचनाचे स्पष्टीकरण लिहिताना याचा विचार केला आहे. भाऊ समुद्रापलीकडे असेल, तर दान वेदीपाशी टाकून जहाज गाठा, असे प्रभू सांगत नाही. अशा वेळी पायांनी नव्हे, तर मनाने जायचे आणि देवासमोर नम्र होऊन क्षमा मागायची. पण भाऊ जवळच असेल, तर मात्र खरोखर त्याच्यापाशी जायला हवे, असे ते सांगतात. मनाने जाण्याची सवलत समुद्रापलीकडच्या भावासाठी आहे, बांधापलीकडच्या भावासाठी नाही. समोरच्याने काय करावे, हे आपल्या हाती नसते. आपल्याकडून होईल तितके आपण करावे, असे संत पौलही सांगतो (रोम १२:१८). गेलेला आणि दारातून परत पाठवलेला माणूस निर्धास्तपणे वेदीपाशी येऊ शकतो. न गेलेल्या माणसाला तसे म्हणता येणार नाही.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. समेटाच्या नावाखाली ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप्प बसवले जाते. मार खाणाऱ्या पत्नीला 'क्षमा कर, मिटवून टाक' असे सांगितले जाते. हक्क बुडालेल्या बहिणीला भांडखोर ठरवले जाते. सुरुवातीच्या ख्रिस्तसभेचा समेट असा नव्हता. सोमवारच्या बैठकीत आधी निवाडा होता, मग शांती. ३९० साली सम्राट थिओडोसियस यांच्या हुकमावरून थेस्सलनीका शहरात हजारो लोकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून कळवले, की तुम्ही उपस्थित असाल तर मी मिस्सा अर्पण करू शकणार नाही. 'झाले गेले विसरून जा' असे त्यांनी मेलेल्यांच्या नातेवाइकांना सांगितले नाही. सम्राटाला उघड प्रायश्चित्त करावे लागले आणि त्यानंतरच त्याला पुन्हा वेदीपाशी येता आले. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे ज्याला आठवायला हवे, तो अन्याय करणारा आहे. चालत जायचे ओझे प्रभूने त्याच्यावर टाकले आहे. ज्याने बहिणीचा वाटा दाबला, त्याने तिच्याकडे जावे आणि रिकाम्या हाताने जाऊ नये.

दोन मित्रांची कथा

अंत्युखियातील एक जुनी कथा ख्रिस्तसभेत परंपरेने सांगितली जाते. साप्रिशियस नावाचा धर्मगुरू आणि निसेफरस नावाचा प्रापंचिक हे जिवलग मित्र होते. काही कारणाने त्यांचे बिनसले. निसेफरसला पश्चात्ताप झाला. त्याने मध्यस्थ पाठवले, मग स्वतः जाऊन पाया पडला. साप्रिशियसने तोंड फिरवले. तिसऱ्या शतकात सम्राट व्हॅलेरियनच्या काळी छळ सुरू झाला, तेव्हा साप्रिशियसला अटक झाली. त्याने हाल सोसले, पण श्रद्धा नाकारली नाही. त्याला वधस्तंभाकडे नेत असताना निसेफरस रस्त्यात आडवा आला आणि क्षमा मागू लागला. साप्रिशियस एक शब्दही बोलला नाही. मात्र तलवार समोर दिसताच त्याचे धैर्य गळाले आणि मूर्तींपुढे यज्ञ करायला तो तयार झाला. निसेफरस रडून सांगत राहिला, की असे करू नकोस. त्याने ऐकले नाही. तेव्हा निसेफरसने, आपण ख्रिस्ती आहोत, असे शिपायांना सांगितले आणि मित्राच्या जागी स्वतःची मान दिली. त्याचा सण ९ फेब्रुवारीला येतो.

या कथेत मला घाबरवते ते साप्रिशियसचे शेवटचे डगमगणे नाही. मरणासमोर कोण डगमगणार नाही? मला घाबरवते ते हे, की तो धर्मगुरू होता, रविवारमागून रविवार वेदीपाशी उभा राहत होता आणि मित्राविषयीचे वैर मनात ठेवूनही त्याला ते जमत होते. आपल्यालाही जमते. इतकी वर्षे जमते आहे, म्हणून ते ठीक असेल, असे आपण समजतो.

संत ऑगस्टीन नवख्रिस्ती लोकांना सांगत, की वेदीवर ठेवलेले आहे ते तुमचेच रहस्य आहे. अनेक दाणे दळले गेले, पाण्याने एकत्र आले, भाजले गेले, तेव्हा ती एक भाकर झाली. तुम्ही 'आमेन' म्हणता ते तुम्ही जे आहात त्यालाच म्हणता. तेव्हा रांगेत उभे राहून आपण 'आमेन' म्हणतो, त्यात तो दुसऱ्या मिस्साला येणारा भाऊही असतो. त्याला वगळून म्हणता येईल असे 'आमेन' ख्रिस्तसभेत नाही.

आज मिस्साहून घरी जाताना एकच करूया. शांतीची खूण देताना आपली नजर कोणाला चुकवून गेली, ते नाव आठवूया. आज रविवार आहे, उद्या सोमवार. जुन्या ख्रिस्तसभेच्या हिशेबाने पुढच्या रविवारपर्यंत आपल्या हाती सहा दिवस आहेत. पहिल्या दिवशी नुसती प्रार्थना करावी. दुसऱ्या दिवशी दोघांनाही मानणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी किंवा फादरांशी बोलावे. मग एका संध्याकाळी उठावे आणि ते दार ठोठवावे. गालीलीतल्या माणसाला तीन दिवस चालावे लागले असते. आपल्याला बहुधा एक बांधच ओलांडायचा आहे.

प्रभू आपल्या पायांना बळ देवो.